अत्तर एक, हात अनेक

पंचवटींतील एका लग्नघरांत घडलेली एक लहानशी गोष्ट सांगून या लेखास आरंभ करितों. सीमांतपूजनाची वेळ होती. रिवाजाप्रमाणें चांदीची अत्तरदाणी पुढें आली आणि घरांतल्या एका मुलानें प्रत्येकाच्या हातावर हिन्याचें बोट ओढीत बैठकभर फेरी घातली. थोड्या वेळानें बायकांच्या बाजूस एकमेकींच्या हातांचा वास घेण्याचा खेळ सुरू झाला. अत्तर एकाच कुपींतलें, लावणारें बोटहि एकच. परंतु एकीच्या हातावर तें ऊबदार व गोड झालें होतें, दुसरीच्या हातावर त्याला ओल्या मातीची कळा आली होती, आणि तिसरीच्या हातावरून तें अर्ध्या घटकेंत जवळजवळ नाहींसें झालें होतें. माझी भाची तेव्हां चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिच्या हातावर तोच हिना कांहींसा कडवट, काढ्यासारखा वाटत होता. आत्याबाईंनीं तिचा हात नाकाशीं नेला, सोडला, आणि सहज बोलून गेल्या, “हिच्या अंगाला अत्तर लाभत नाहीं बाई!” बोलणारीच्या मनांत कांहीं नव्हतें, ऐकणारीच्या मनांत मात्र तें राहिलें. लग्नाचे पुढचे दोन दिवस अत्तरदाणी जवळ आली कीं ती मुलगी हात पदराखालीं घेई.

“लाभणें” हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जें लाभतें तें नशिबानें किंवा पुण्याईनें लाभतें, आणि ज्याला लाभत नाहीं त्याच्या ठायीं कांहीं उणें आहे असा त्याचा ध्वनि उमटतो. म्हणजे अत्तराचा वास हातागणिक बदलतो एवढेंच निरीक्षण आपण करीत नाहीं. त्या बदलावरून माणसाची पारखहि करून टाकितों. निरीक्षण खरें आहे. पारख खरी आहे काय? या प्रश्नाचा इतिहास बराच जुना असून त्याचे कांहीं धागे नाशिकच्याच परिसरांत हातीं लागतात.

मोगलांच्या अमलांत नाशिकास गुलशनाबाद हें नांव होतें. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढें अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांचा अंमल स्थिर झाल्यावर जुनें नांव पुन्हा रूढ झालें. परंतु फुलांच्या नांवापूर्वीं कितीतरी शतकें या भूमीनें तेलाचें नांव दगडांत कोरून ठेविलें आहे. गांवाच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मि डोंगरावर ज्या लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात, त्यांत आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे सुमारें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतला, एक लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या शक कुळांतील एका उपासिकेनें गोवर्धन येथील निरनिराळ्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेविली आणि तिच्या व्याजांतून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय केली, असा त्याचा आशय. या श्रेणींत कुंभारांची आहे, पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांची आहे, आणि तिलपिषकांची, म्हणजे तीळ गाळणाऱ्या तेल्यांचीहि आहे. गोवर्धन हें खेडें आजहि गंगापुराच्या वाटेवर त्याच नांवानें नांदत आहे. ज्यांच्या पेढीवर लोक विश्वासानें कायमची ठेव ठेवीत, त्या तेल्यांचा धंदा किती भरभराटीचा असेल हें सहज ध्यानीं येतें.

तेल्याच्या जोडीला गांधिकहि या लेण्यांच्या जगांत भेटतो. पुणें जिल्ह्यांतील कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट येथील सिंहदत्त नांवाच्या गांधिकाचें दान नोंदलेलें आहे. त्यानें चैत्याच्या दाराचें काम करून दिलें. गांधिक म्हणजे गंधद्रव्यें विकणारा. आजच्या गांधी या आडनांवाचा पूर्वजच म्हणाना. येथें एक मौज आहे. भिक्षूंना गंध, माला आणि विलेपन हीं वर्ज्य होतीं, तरी त्यांच्या विहारास दार देणारा माणूस सुगंधाचा व्यापारी आणि त्यांच्या औषधाची ठेव सांभाळणारा तेली. सुगंध ज्यानें सोडला त्यालाहि सुगंधाच्या पैशाचा आधार होता. आणि हा निषेधहि पाहण्यासारखा आहे. एखादी वस्तु अंगाला लावूं नको असें सांगावें लागतें, तें ती अंगाला लागल्यावर माणसांत कांहीं पालट करते असा विश्वास असतो म्हणूनच. ब्रह्मचाऱ्यालाहि स्मृतींनीं गंध आणि माला वर्ज्य सांगितली आहे, ती याच कारणानें.

आतां तिळाच्या तेलाचा आणि सुवासाचा संबंध काय, हें वाचकांस सांगितलें पाहिजे. फुलाचा वास हवेंत उडून जाणारा. त्याला धरून ठेवण्यास कांहीं तरी स्निग्ध पदार्थ लागतो. जुनी युक्ति अशी कीं, सोललेले तीळ आणि ताजीं फुलें यांचे थरावर थर द्यावे, फुलें कोमेजलीं कीं नवीं घालावीं, आणि तिळांनीं पुरेसा वास पिऊन घेतला म्हणजे ते घाण्यांत गाळावे. फुलाला आंच लागत नाहीं आणि तरीहि त्याचा वास तेलांत उतरतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांत कांडण करतांना स्त्रिया ओव्या गातात, हा जुना उल्लेख ज्या ग्रंथांत मिळतो तोच हा ग्रंथ. त्यांत राजाच्या स्नानाचें, विलेपनाचें व धूपाचें स्वतंत्र वर्णन असून फुलांचा वास दिलेल्या तिळांच्या तेलाचा अभ्यंग राजानें कसा घ्यावा हेंहि आलें आहे. दिवाळीच्या पहाटे उटणें व सुवासिक तेल लावून आपण जें अभ्यंगस्नान करतों, तें या राजभोगाचेंच घरगुती रूप होय.

पुढें ऊर्ध्वपातनाची, म्हणजे भट्टीवर वाफ काढून ती निववण्याची रीत सर्वत्र पसरली. तांब्याच्या डेगेंत पाणी व फुलें घालून तोंड लिंपतात. वाफ वेळूच्या नळींतून भपक्यांत येते. भपका थंड पाण्यांत बुडविलेला असतो आणि त्याच्या तळाशीं चंदनाचें तेल असतें. वाफेबरोबर आलेला फुलांचा गंध तें तेल आपल्यांत घेतें. अकबराच्या दरबारीं सुगंधाचें स्वतंत्र खातें होतें, याची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. गुलाबपाणी काढतांना वर जमणारा स्निग्ध थर निराळा करून गुलाबाचें अत्तर काढण्याचें श्रेय जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत नूरजहानच्या आईस दिलें आहे. सांगावयाचें एवढेंच कीं, अत्तर म्हणजे नुसतें फूल नव्हे. वास फुलाचा आणि अंग तेलाचें, असा तो जोडसंसार आहे. आणि मनगटावर लागतांच त्यांत तिसरा भागीदार येतो. तो म्हणजे माणसाची कातडी.

या तिसऱ्या भागीदाराचा विचार जुन्या गंधशास्त्रकारांनीं केला होता काय? सहाव्या शतकांतल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्ति नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत सोळा द्रव्यें सोळा घरांत मांडून प्रत्येकाचे भाग आंकड्यांनीं दाखविले आहेत. मांडणी अशी कीं, कोठल्याहि ओळींतल्या चार आंकड्यांची बेरीज अठराच यावी. सोळांतून चार द्रव्यें निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हेंहि त्यानें गणून सांगितलें आहे. ज्योतिषी गंध्याच्या दुकानांत शिरला म्हणजे काय होतें त्याचा हा गोड नमुना होय! परंतु या चौकटींत ज्याच्या अंगाला तें लावावयाचें, त्या माणसाला घर नाहीं. सोळा द्रव्यें मोजलीं; सतरावें, म्हणजे लावणाऱ्याचें अंग, मोजावयाचें राहिलें. दोष वराहमिहिराचा नव्हे. पहिल्या सोळांचे भाग गंध्याच्या हातीं असतात आणि सतराव्याचे नसतात.

मराठी वाचकांस अभिमान वाटावा असा एक पुरावा येथेंच नमूद करावयास हवा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं हिंदुस्थानांतील सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर अनेक लेख लिहिले. १९४५ च्या सुमारास त्यांनीं एका हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्यांत गंगाधर नांवाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ होता आणि त्याच्याच जोडीला अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हा दुसरा ग्रंथ होता. या दुसऱ्या ग्रंथावर जुन्या मराठींत टीका आहे! सुगंध तयार करण्याची विद्या मराठींत समजावून सांगावी अशी गरज कोणास तरी वाटली होती, आणि समजून घेणारे मराठी कारागीरहि असले पाहिजेत, असें त्यावरून म्हणावयास हरकत नाहीं. हे दोन्ही ग्रंथ पुढें १९८९ सालीं बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानें छापून प्रसिद्ध केले.

गंगाधरानें गंध तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला रसाची पुटें देणें तें भावन, शिजविणें तें पाचन, धुरी देणें तें धूपन, फुलांचा वास देणें तें वासन. मधल्या दोन संज्ञा मला विशेष वाटतात. बोध म्हणजे जागें करणें आणि वेध म्हणजे आरपार भेदणें. दुसरें द्रव्य थोडें मिसळून पहिल्यांतला निजलेला वास जागा करावयाचा, अशी ती कल्पना आहे. म्हणजे वास ही द्रव्याच्या पोटांत तयार ठेवलेली वस्तु नसून दोन द्रव्यांच्या भेटींतून ती प्रगट होते, हें या कारागिरांस पक्कें ठाऊक होतें. तेंच तत्त्व एक पाऊल पुढें नेलें कीं कुपी आणि मनगट यांच्या भेटीचें कोडें उलगडूं लागतें: मनगटहि अत्तराला एक प्रकारचा बोधच करतें.

वैद्यांनीं तें पाऊल दुसऱ्या वाटेनें टाकलें होतें. चरकानें प्रकृतींचें वर्णन करतांना पित्तप्रकृतीच्या माणसाच्या कांखेला, तोंडाला, डोक्याला व अंगाला वास अधिक असतो असें नोंदविलें आहे. ऋतुचर्येंत हेमंतांत अगरूचा आणि ग्रीष्मांत चंदनाचा लेप त्यानें सांगितला. ऋतु बदलला कीं कातडी बदलते, आणि कातडी बदलली कीं लेपहि बदलावा, हें त्यांतलें तात्पर्य. नैयायिकांचें म्हणणें तर त्याहून सूक्ष्म आहे. त्यांच्या मतें गंध हा केवळ पृथ्वीचा गुण. पाण्याला वा वाऱ्याला वास येतो तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांमुळें. आपल्याला पाणीच सुगंधी वाटतें, परंतु तो भास होय. हा विचार ज्यानें केला त्याला हातावरचा सुगंध नुसत्या हाताचा किंवा नुसत्या अत्तराचा म्हणतांना नक्कीच संकोच वाटला असता.

शास्त्रांत एवढी सावधगिरी, पण समाजांत मात्र वास आणि माणसाची योग्यता यांची गांठ फार लवकर बसली. महाभारतांतील सत्यवतीची कथा सर्वांस माहीत आहे. कोळियाच्या घरीं वाढलेल्या त्या मुलीच्या अंगाला माशांचा वास येई, म्हणून ती मत्स्यगंधा. पराशराच्या वरानें तो वास जाऊन तिचा सुगंध योजनभर पसरूं लागला, तेव्हां ती योजनगंधा झाली आणि पुढें राणीपदास पोंचली. कथा सुंदर आहे, पण तिच्या पोटांतला समज असा कीं, अंगाचा वास म्हणजेच माणसाची पायरी, आणि पायरी चढावयाची तर आधीं वास बदलला पाहिजे. कामशास्त्रकारांनींहि स्त्रियांचे पद्मिनी, हस्तिनी असे वर्ग करतांना अंगाचा गंध हें एक लक्षण ठरवून टाकिलें. आत्याबाईंच्या तोंडून सहज निघालेलें वाक्य असें शेंकडों वर्षांचें मुरलेलें होतें.

दरबारी रिवाजांत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. पेशवाईंत आणि पुढें संस्थानांत दरबार संपतांना अत्तर-गुलाब व पानसुपारी होई; निरोपाची खूण तीच. या अत्तर-गुलाबांतील दोन वस्तूंच्या स्वभावांतला फरक पाहा. गुलाबदाणी दुरून शिंपडतां येते. कोणाच्या अंगाला हात लावावा लागत नाहीं. अत्तर मात्र बोटानेंच लावावें लागतें. म्हणून तें कोणी कोणाला लावलें याला मान होता. घरच्या कार्यांतहि तोच न्याय. ज्यांचा स्पर्श निषिद्ध मानला, त्यांच्या मनगटापर्यंत तें बोट पोंचण्याची वाटच नव्हती. विधवेच्या हातापर्यंतहि तें पोंचत नसे. कुंकवाबरोबर फुलें गेलीं आणि फुलांबरोबर अत्तर गेलें. कालपर्यंत ज्या हाताला सर्वांनीं सुवासिक म्हटलें, तोच हात एका दिवसांत अत्तराला अपात्र ठरे. त्या हाताची कातडी कांहीं एका रात्रींत बदलली नव्हती.

नाशिकचा माणूस येथें थांबून आपल्याच गांवाकडे पाहिल्याशिवाय पुढें जाऊं शकत नाहीं. याच पंचवटींत काळाराम मंदिराच्या दाराशीं २ मार्च १९३० रोजीं बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, आणि भाऊराव गायकवाडांसारख्या या जिल्ह्यांतल्याच कार्यकर्त्यांनीं तो पुढें वर्षानुवर्षें चालविला. आंतल्या मूर्तीला चंदन, फुलें व धूप यांचा उपचार रोज होत होता. ज्यांच्या कष्टानें गांव स्वच्छ राही, त्यांना त्या सुगंधाच्या उंबरठ्याशीं अडविलें जात होतें. तो लढा देवदर्शनाच्या हक्कापुरता नव्हता. माणसाच्या कातडीवर जन्मानें कांहीं अमंगल लिहिलेलें असतें या समजुतीविरुद्धहि तो होता. म्हणूनच अंग आणि अत्तर हा विषय वरवर विलासाचा दिसला, तरी त्याच्या मुळाशीं स्पर्शाचा आणि मानाचा प्रश्न आहे.

आतां आजचें शास्त्र काय सांगतें तें पाहूं. अत्तरांत अनेक घटक असतात. कांहीं हलके, चटकन उडणारे, कांहीं मध्यम, कांहीं चंदनासारखे जड, तासन् तास रेंगाळणारे. ते किती वेगानें उडतात हें पुष्कळसें कातडीच्या ऊबेवर, ओलाव्यावर आणि तिच्यावरील नैसर्गिक स्निग्धतेवर अवलंबून असतें. कोरड्या हातावर हलके घटक लवकर निघून जातात. तेलकट हातावर ते अंमळ थांबतात. म्हणजे एकाच क्षणीं दोन हात नाकाशीं नेले, तर वास दोन येतात याचें एक साधें कारण असें कीं, तें एकच अत्तर दोन्ही हातांवर आपल्या प्रवासाच्या निराळ्या मुक्कामावर असतें. एकच राग दोन गवई गात असतां एकाचा विलंबित ख्याल चालू असावा आणि दुसरा द्रुतांत पोंचलेला असावा, आणि आपण दोघांच्या दाराशीं क्षणभर कान देऊन ‘राग निराळे आहेत’ म्हणावें, तसा हा प्रकार.

शिवाय अंगाचा स्वतःचा वास आहेच. घामाला मूळचा वास जवळजवळ नसतो. कांखेसारख्या ठिकाणीं निराळ्या ग्रंथि असतात. त्यांचा स्राव वयांत आल्यावर सुरू होतो आणि कातडीवर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करतात, तेव्हां वास उपजतो. हे जंतु प्रत्येकाच्या अंगावर थोड्या निराळ्या प्रमाणांत असतात. लसणासारख्या पदार्थांचा अंशहि श्वासावाटे व कातडीवाटे बाहेर पडतो. २००६ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कानांतला मळ ओला असणार कीं कोरडा हें एका जनुकांतील एका अक्षराच्या फरकावर ठरतें. पुढें त्याच फरकाचा कांखेच्या वासाशींहि संबंध आढळला. कोरड्या मळाचा प्रकार चीन, जपान, कोरिया या बाजूस फार, आणि युरोप व आफ्रिकेंत विरळा. ज्या युरोपांतल्या लोकांनीं अत्तराचे मोठमोठे कारखाने काढले, त्यांच्यांत अंगाला वास देणारें अक्षरच सार्वत्रिक आहे! एका अक्षराच्या या खेळांत कुलीनता कोठें बसवावयाची?

प्राग येथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर आपल्या विषयाच्या गाभ्यालाच भिडतो. त्यांनीं लोकांना एका कांखेंत स्वतः निवडलेलें, रोजच्या वापरांतलें अत्तर लावावयास सांगितलें आणि दुसऱ्या कांखेंत प्रयोगकर्त्यांनीं दिलेलें. नुसतीं हुंगलीं तर दोन्ही अत्तरें परीक्षकांस सारखींच आवडलीं. परंतु अंगाच्या वासाशीं मिसळल्यावर ज्याचें त्यानें निवडलेलें अत्तर अधिक सुखद वाटलें. निष्कर्ष असा कीं, अत्तर अंगाचा वास नुसता झांकत नाहीं. तें त्याच्याशीं मिळून तिसरें कांहीं घडवितें, आणि आपल्या अंगाशीं काय मिळतें याची जाण माणसाला नकळत असते. गंगाधराचा बोध तो हाच, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु जुन्या संज्ञांत नवें शास्त्र भरण्याची घाई करूं नये. त्याला द्रव्यांची भेट ठाऊक होती, जंतूंची नव्हती. भेटीचें तत्त्व मात्र दोघांना दिसलें.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते: हात जसे निराळे, तशीं नाकेंहि निराळीं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं वास ओळखणाऱ्या ग्राहकांचा जनुकसमूह शोधून काढला व त्याबद्दल त्यांना २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाच्या नाकांत असे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक असून त्यांची जुळणी माणसागणिक थोडी बदलते. कस्तुरीच्या जातीचे कांहीं वास कित्येकांना मुळींच येत नाहींत आणि शेजारच्याला तेच उग्र वाटतात. तेव्हां आत्याबाईंना माझ्या भाचीच्या हातावर जें कडू वाटलें, त्यांत त्या हाताचा वांटा किती आणि आत्याबाईंच्या नाकाचा किती, हें कोण सांगणार? अंगावरच्या वासाचा निवाडा देणारा न्यायाधीशहि त्या खटल्यांतला एक पक्षकारच असतो.

मराठी भाषेंत वासाच्या शब्दांची वाण नाहीं. परिमळ, दरवळ, घमघमाट एका बाजूस. दर्प, कुबट, खवट, ओशट, हिंवस, करपट दुसऱ्या बाजूस. परंतु आपल्या विषयाला नेमका लागू पडणारा शब्द स्वयंपाकघरांत आहे: मुरणें. लोणचें बरणींत मुरतें, पाक करंजींत मुरतो. मुरलेल्या पदार्थांत मूळचीं द्रव्यें निरनिराळीं दाखवितां येत नाहींत, आणि घाईनें चाखणाऱ्याला खरी चव कळत नाहीं. अत्तरहि अंगावर मुरतें. अंगाला अत्तर ‘लाभतें’ असें म्हणण्याऐवजीं तें अंगावर ‘मुरतें’ असें म्हणावयास आपण शिकलों, तर निरीक्षण तेवढें राहील आणि निवाडा गळून पडेल.

त्या लग्नानंतर वर्षभरानें मी भाचीला घेऊन जुन्या नाशकांतील एका अत्तराच्या दुकानीं गेलों. वृद्ध दुकानदारानें आधीं कुपी हुंगूं दिली नाहीं. कापसाचा फाया काडीला गुंडाळून त्यानें तिच्या डाव्या हातावर केवडा, उजव्या हातावर वाळा लावला आणि म्हणाला, “चोळूं नका. तासभर बाजारांत फिरून या. आत्तां बोलतें तें अत्तर बोलतें. तासानें बोलेल तें तुमचें असेल.” आम्ही गोदाकांठीं जाऊन आलों. केवडा तिच्या हातावर पुन्हा कडवट झाला होता. वाळ्याला मात्र नुकत्याच शिंपलेल्या अंगणासारखा शांत, थंड वास आला होता. तोच वाळा त्या दुकानदारानें माझ्याहि हातावर लावला होता. माझ्याकडे त्याची नुसती काडी उरली होती, ओलावा नाहीं. तिनें दोन्ही हातांचा वास पुन्हा पुन्हा घेऊन पाहिला, आणि दुकानांतून निघतांना मला विचारलें, “मामा, मग त्या दिवशीं आत्याआजी खोटें बोलल्या का?”

मी म्हटलें, “खोटें नाहीं. त्यांनीं हिन्याबद्दल सांगितलें आणि तूं तें स्वतःबद्दल ऐकलेंस.”

उत्तर पुरतें खरें होतें असें मला आज वाटत नाहीं. आत्याबाईंनीं “अंगाला लाभत नाहीं” असेंच म्हटलें होतें. मुलीनें जें ऐकलें तेंच बोललें गेलें होतें. हिना, केवडा आणि वाळा हीं तिच्या हातावर निरनिराळीं होतात एवढीच काय ती वस्तुस्थिति. त्या वस्तुस्थितीला पायरीचें रूप देण्याची खोड मात्र आपल्या भाषेंत, आपल्या कथांत आणि आपल्या दाराशीं फार दिवस बसलेली आहे. पुढच्या लग्नांत अत्तरदाणी फिरेल, तेव्हां हातांचे वास अवश्य घेऊन पाहावे, निराळेपणाची मौजहि करावी. पण कोणताहि हात नाकाशीं नेल्यावर तो सोडतांना कांहीं बोलण्यापूर्वीं आपण तासभर थांबलों आहोंत काय, एवढें स्वतःस विचारावें.